मूळ वायर न कापता: पहिल्या गाडीतले पहिले बदल

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ऐरोलीच्या मामाने नवी गाडी घेतली आणि त्याची २०१४ सालची पेट्रोल स्विफ्ट माझ्याकडे आली. मॉडेल एलएक्सआय, म्हणजे त्या मालिकेतले सर्वांत साधे. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाहीत, धुक्याचे दिवे नाहीत. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी माझ्या नावावर झाली; राज्य एकच असल्यामुळे एमएच-४३ हा क्रमांक तसाच राहिला. विम्याची पॉलिसीही चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करून घ्यावी लागली, आणि तेव्हा कळले की मामाने इतकी वर्षे साठवलेला नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचा स्वतःचा असतो, गाडीबरोबर भाचीकडे येत नाही. कासारवडवलीहून घोडबंदर रोडने माजिवड्यापर्यंत, तिथून कळवा आणि विटावामार्गे रबाळ्याच्या ऑफिसात, असा माझा रोजचा रस्ता आहे.

पहिली गाडी हातात आली की तिच्यात आपले काहीतरी असावे असे वाटतेच, आणि मलाही ते मनापासून वाटत होते. माझ्या वहीतल्या यादीत सोळा इंची अलॉय, पांढरे एलईडी दिवे, काचांना गडद फिल्म, खाली बसवलेली गाडी आणि मोठा म्युझिक सिस्टीम एवढे होते. सहा महिन्यांनंतर त्या यादीतले जवळजवळ काहीच गाडीत नाही; जे आहे ते वेगळे आहे आणि मला फार आवडते. ते कसे घडले हे सविस्तर लिहावेसे वाटले, कारण पहिल्या गाडीत काय बदलावे याबद्दल मला जे सल्ले मिळाले त्यांत गाडीच्या आतल्या वायरींबद्दल कोणी एक अक्षरही बोलले नव्हते.

सुरुवात एका सोमवारी सकाळी झाली. शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास सोसायटीत लावलेली गाडी सोमवारी आठ वाजता सुरूच होईना. स्टार्टर नुसता टकटक करत होता. शेजारच्या गाडीवरून जंप स्टार्ट करून निघाले, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच झाले. बॅटरीच्या दुकानात तपासणी केली तेव्हा बॅटरी ठीक निघाली. दुकानदाराने वागळे इस्टेटमधल्या एका वायरमन काकांचा पत्ता दिला. काकांनी चाळीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचेच काम केले आहे. पुढचे दोन रविवार मी त्यांच्या शेडमध्ये काढले, आणि काकांनी मला नुसते बघत उभे न ठेवता मीटर हातात दिला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

त्यांनी शिकवलेली रीत सोपी आहे आणि कोणालाही घरी करता येते. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या जागेवर लावायचा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि मीटर त्या वायरच्या व बॅटरीच्या टोकाच्या मध्ये जोडायचा. चावी काढलेली, दरवाजे बंद, आणि मग अर्धा तास थांबायचे, कारण गाडीतली काही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लगेच झोपत नाही. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन चालू करायचे नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. निरोगी गाडीत हा आकडा ०.०५ अँपिअरच्या आत असावा. माझ्या गाडीत तो ०.४२ होता. आकडा लहान दिसतो, पण शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ हे सुमारे एकोणसाठ तास झाले. म्हणजे साधारण २५ अँपिअर-अवर वीज गाडी उभ्या उभ्या पीत होती, आणि माझी बॅटरी पूर्ण भरलेली असताना ३५ अँपिअर-अवरची आहे.

मग एकेक फ्यूज काढून बघायचा, ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर दोष. आम्ही आतल्या पेटीतले सगळे फ्यूज काढले, आकडा जागचा हलला नाही. काका म्हणाले, "म्हणजे फ्यूजला वळसा घालून कोणीतरी थेट बॅटरीवरून वीज नेलीय." त्यांनी बॉनेटखाली टॉर्च धरला आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली एक जाड लाल वायर दाखवली. मामाने पूर्वी कुठल्याशा दुकानातून म्युझिक सिस्टीम आणि सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला होता, त्याची ती वायर. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून ती आत नेली होती आणि त्या भोकाला रबरी ग्रोमेट नव्हते. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायरचे आवरण एका बाजूने सोलले गेले होते आणि तांब्याच्या दोन तारा उघड्या चकाकत होत्या. त्या वायरवर फ्यूज कुठेच नव्हता. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. त्या दोन तारा पत्र्याला नीट टेकल्या असत्या तर बॅटरीचा सगळा जोर त्या एका वायरमधून वाहिला असता आणि वायर लाल होऊन पेटली असती. मी महिनाभर त्याच गाडीतून रोज ये-जा करत होते.

सीट पुढे सरकवून अ‍ॅम्प्लिफायर काढला तेव्हा वीज गिळणारा दोषही सापडला. अ‍ॅम्प्लिफायरला एक तिसरे टोक असते, ज्याला रिमोट म्हणतात. म्युझिक सिस्टीम चालू झाला की त्या टोकाला वीज मिळते आणि अ‍ॅम्प्लिफायर जागा होतो. ती वायर डॅशबोर्डपासून ओढण्याचे कष्ट वाचवण्यासाठी बसवणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरच्याच पॉझिटिव्हवरून बोटभर वायर काढून रिमोटला जोडून टाकली होती. गाणे वाजो न वाजो, अ‍ॅम्प्लिफायर चोवीस तास जागा. डॅशबोर्डमागेही कंपनीच्या वायरी मध्येच कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली होती. उन्हाने टेपचा डिंक वितळून हाताला चिकटत होता.

त्या दिवशी काकांनी एक वाक्य सांगितले, ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे: "पोरी, जे जोडशील ते सोडवता आलं पाहिजे." मूळ वायर कापायची नाही, मूळ पत्र्याला नवे भोक पाडायचे नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवायचा. पुढचा प्रत्येक बदल मी या एका कसोटीला लावला, आणि यादीतल्या बऱ्याच गोष्टी तिथेच गळाल्या.

अ‍ॅम्प्लिफायर आणि लाल वायर आम्ही काढून टाकली, पत्र्याच्या भोकात रबरी बूच बसवले. कापलेल्या वायरी एकमेकींत पिळण्याऐवजी तांब्याच्या नळीत क्रिंप करून, म्हणजे नळी दाबून घट्ट करून, वर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवली. म्युझिक सिस्टीम ठेवला, पण पिवळी वायर कायम विजेवर आणि लाल वायर चावीवरच्या विजेवर, जशी असायला हवी तशी. त्यानंतर मीटरवर ०.०३ अँपिअर आले आणि बॅटरीने आजवर पुन्हा तक्रार केलेली नाही.

यानंतर मामाने पुढे लावलेला स्टीलचा गार्ड काढला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले होते, हे मामाला ठाऊक नव्हते. पण कायद्याहून मला त्यामागचे कारण पटले. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. तो चुरगळताना धडकेची ताकद पितो. गार्डच्या पट्ट्या सरळ चॅसिसला बोल्ट केलेल्या असतात, त्यामुळे ती ताकद चुरगळणाऱ्या भागाला टाळून थेट आत पोहोचते, आणि समोर पादचारी असेल तर त्याच्या पायांवर पोलादी नळी आदळते. चार बोल्ट सोडवले, गार्ड भंगारात गेला. गाडी पुढून हलकी आणि मोकळी दिसू लागली. तिच्या रूपातला तो पहिला बदल होता आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

आता दिव्यांविषयी जरा सविस्तर, कारण पहिल्या गाडीवर खर्च करायचा असेल तर मी आधी दिव्यांवर करेन. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पावसात रात्री दिघ्यापासून पुढे कडेची पांढरी रेघसुद्धा मला दिसत नसे. उपाय म्हणून सगळ्यांनी एलईडी बल्ब सुचवले. माझ्या गाडीत एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब आहे, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन तारा असतात आणि डिपरच्या, म्हणजे खालच्या झोताच्या, तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती वाटी खालचा प्रकाश अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जात नाही. बल्बमागचा आरसा त्या तारांची जागा मिलिमीटरपर्यंत धरून घडवलेला असतो. त्यात एलईडी घातला की प्रकाशाचा उगम वेगळ्या आकाराचा आणि वेगळ्या जागी येतो, आणि उजेड हवा तिथे कमी व नको तिथे जास्त पसरतो. भिंतीवर पडलेला तो पांढरा झोत बघताना छान वाटतो, पण समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो आंधळा करतो. १००/९० वॅटचे बल्ब तर मूळ वायरी आणि होल्डर वितळवतात.

काकांनी नवा बल्ब न घेता आधी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट होते, बल्बच्या होल्डरवर १२.७. दहा वर्षांच्या बारीक वायरी, स्विच आणि जोड यांत दीड व्होल्ट वाटेतच हरवत होता. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड जवळजवळ एक तृतीयांश जातो. बल्ब चांगलाच होता, त्याला पोटभर वीज मिळत नव्हती.

म्हणून आम्ही रिले हार्नेस बसवला. रिले म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच, आणि हार्नेस म्हणजे वायरींचा तयार जुडगा. यात बॅटरीवरून एक जाड वायर निघते, वीतभर अंतरावरच तिला फ्यूज असतो, तिथून वीज रिलेमार्फत थेट बल्बला जाते. मूळ होल्डर हार्नेसच्या कपलरमध्ये बसतो आणि रिलेला फक्त चालू-बंदची खूण देतो. हार्नेस घेण्याआधी गाडीच्या दिव्यांचे स्विच पॉझिटिव्ह बाजूने आहे की निगेटिव्ह बाजूने, हे टेस्ट लॅम्प लावून बघून घ्यावे, कारण चुकीचा हार्नेस जोडला तर हाय बीम आणि डिपर नीट चालत नाहीत. रिले आम्ही फेंडरजवळ आधीपासून असलेल्या बोल्टवर, कपलरचे तोंड खाली करून लावले, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. एकही वायर कापावी लागली नाही. बल्ब त्याच जातीचे, ६०/५५ चे, फक्त चांगल्या कंपनीचे नवे. होल्डरवर आता १३.८ व्होल्ट येतात.

पिवळ्या पडलेल्या काचा मी घरी साफ केल्या. त्या काचा म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असते आणि उन्हाने त्याचा वरचा थर खराब होतो. कडेला मास्किंग टेप लावून १०००, मग २०००, मग ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाणी घालत घासला. पहिल्या पेपरनंतर काच दुधासारखी पांढरी होते आणि पोटात गोळा येतो, पण थांबायचे नाही. शेवटी पॉलिश आणि वर उन्हापासून बचाव करणारा थर. हा थर दिला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. त्यानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपरची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली आणली. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिपरचा झोत डाव्या बाजूला थोडा वर चढलेला दिसतो, तो तसाच असायला हवा. पुढच्या पावसात विटाव्याच्या पुलाखालून बाहेर पडताना कडेची रेघ मला पहिल्यांदा स्पष्ट दिसली, आणि तो आनंद कुठल्याही अलॉयने दिला नसता.

फिल्म आणि सायलेन्सर यांवर फार लिहीत नाही. काचेची पारदर्शकता पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के असावी लागते आणि काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच निकाल दिला आहे. मी ओढून लावायच्या जाळीच्या पडद्यांवर भागवते आणि तेही गाडी उभी असतानाच. आतेभावाने आवाजी सायलेन्सर सुचवला होता. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या गुन्ह्याला पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर तान्हे बाळ आहे. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापणे हा मला सर्वांत धोकादायक प्रकार वाटतो. स्प्रिंगचे वेढे कमी झाले की ती जास्त कडक होते, आणि खड्ड्यात चाक लोंबले की कापलेले टोक आपल्या जागेतून निसटू शकते. माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे तळाची रस्त्यापासूनची उंची, १७० मिलिमीटर आहे आणि पावसाळ्यातल्या घोडबंदर रोडला तो पुरतो म्हणण्याइतकाच आहे.

ब्रेक मात्र मी वेळेआधी करून घ्यायला हवे होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट-३ प्रतीचे कोरे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते, आणि येऊरच्या उतारावर सतत ब्रेक दाबताना हा फरक पायाला कळतो. पूर्ण ऑइल बदलले, पुढचे पॅड नवे घातले, मागचे ड्रम उघडून साफ केले. एबीएस नसलेल्या गाडीत पाय आणि रस्ता यांच्यामध्ये एवढेच असते. आणि टायर.

टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर ३११७ होते, म्हणजे २०१७ च्या एकतिसाव्या आठवड्यातले. नक्षी बरीच शिल्लक होती, पण बाजूला नखाने चाचपता येतील अशा बारीक भेगा होत्या. दुकानदाराने सोळा इंची अलॉय आणि १९५/५५ टायर पुढे केले. मी घरी येऊन हिशेब मांडला. मूळ टायर १६५/८० आर १४ चा, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. त्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो आणि बाजूची भिंत १३२ मिलिमीटर उंच. सोळा इंचीचा व्यासही जवळपास तेवढाच येतो, पण भिंत उरते १०७. खड्ड्याचा मार झेलणारे रबर एक इंचाने कमी, आणि तेही घोडबंदरवर.

मधला मार्ग कंपनीनेच ठेवलेला होता. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येत, व्यास ६२१.५ मिलिमीटर, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये फरक नावालाही नाही. भार पेलण्याचा आकडा मूळच्या ८५ ऐवजी ८८, म्हणजे एका टायरला ५१५ ऐवजी ५६० किलो. नोंदणी पुस्तकाशी विसंगत ठरेल असा बदल करायला कायद्याच्या कलम ५२ ने बंदी आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले आहे. त्याच गाडीला कंपनीने दिलेल्या मापात राहणे मला म्हणूनच सुरक्षित वाटले. तुर्भ्यात वरच्या मॉडेलचे मूळ अलॉय जुन्या बाजारात मिळाले. घेण्याआधी चारही नुसते बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला सांगितले, आणि बरे झाले, कारण तिसरा डोळ्यांना दिसेल इतका डोलत होता. आतल्या कडेला मार लागून रंग दिलेला होता. विक्रेत्याने कुरकुर करत तो बदलून दिला. मूळ कंपनीचे असल्यामुळे मधले भोक ५४.१ मिलिमीटरचे, हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) अचूक बसणारे; बाजारातल्या बऱ्याच अलॉयचे भोक मोठे असते आणि मग रिंग घालावी लागते, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते.

चार नवे टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग. जुन्या चार लोखंडी रिम घासून, रंगवून गच्चीवरच्या खोलीत ठेवल्या आहेत. स्टेपनी जुन्याच मापाची आहे, पण व्यास जुळत असल्यामुळे पंक्चरवाल्यापर्यंत हळू जायला चालते. अलॉयची माहिती विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घेतली, कारण न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होतो.

ग्लव्ह बॉक्समध्ये एक कागद आहे; त्यावर रिले कुठे, फ्यूज किती अँपिअरचा, कुठली वायर कुठे जोडली, हे सगळे मी पेन्सिलने काढले आहे, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी बॉनेट उघडले तर त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही. अलॉय बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावे असे टायरवाल्याने सांगितले होते. ऐंशी किलोमीटर झाले तेव्हा रबाळ्याच्या पार्किंगमध्ये व्हीलपाना काढून सोळाही नट एकेक करून बघितले. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट पाव फेरा आवळले गेले, बाकीचे जागच्या जागी होते.